सक्तीची रजा

सोमवार, ३ मार्च. सकाळी ९.१०
बँकेच्या नियमाप्रमाणे आजपासून दहा दिवस सक्तीची रजा. शाखेत पाऊल टाकायचं नाही, फोनही करायचा नाही. माझ्याशिवाय कर्ज विभाग दोन दिवसांत आडवा होईल, मग साहेबांचे डोळे उघडतील. बायको म्हणते, झोपेत दात खाता, या सुट्टीत डॉक्टरांना दाखवा. मला कसलंही टेन्शन नाही. टेन्शनवाली माणसं चेहऱ्यावरूनच कळतात. संकल्प: पूर्ण आराम.

९.४०
आराम झाला. आता काय करू?

मंगळवार, ४ मार्च
चपलांचं कपाट लावलं. पुन्हा लावलं. लेकीने शाळेच्या सहलीच्या फॉर्मवर सही मागितली. तोंडातून निघून गेलं, दोन फोटो आणि ओळखीचा पुरावा जोडून उद्या या. ती सरळ आईकडे गेली. आईने उभ्या उभ्या, न वाचता सही ठोकली. या घराचं एकदा ऑडिट व्हायला हवं.

गुरुवार, ६ मार्च. दुपारी
शाखेत फोन केला. नियम मोडला नाही, ग्राहक म्हणून केला. माझं खातं तिथेच आहे. शिपाईमामांनी आवाज ओळखला. म्हणाले, साहेब, इथे सगळं मजेत आहे, तुम्ही झोपा. मार्चमध्ये मजेत? नक्कीच काहीतरी लपवताहेत.

शनिवार, ८ मार्च
छातीत धडधड. चहामुळे. आजपासून चहा बंद.

१०.१५
चहा बंद केल्यामुळे डोकं ठणकतंय. घेतला.

सोमवार, १० मार्च
लेक आईला हळूच विचारत होती, बाबा बँकेत परत कधी जाणार. पोरीला बापाच्या कामाचा केवढा अभिमान!

बुधवार, १२ मार्च
उद्या हजर! शर्टाला तीनदा इस्त्री केली. बायकोने डॉक्टरांची उद्याची वेळ घेतली होती. रद्द कर म्हटलं. तिकडे फायली माझी वाट पाहत असतील.

गुरुवार, १३ मार्च. सकाळी ९.५०
शाखेसमोरच्या बाकावर बसलोय. अर्धा तास झाला. फक्त रस्ता ओलांडायचाय. उठतो आणि पुन्हा बसतो. पोचलो हे सांगायला बायकोला फोन लावला, तर तोंडून भलतंच निघालं. मला आत नाही जायचं गं, म्हणालो. आणि रडू फुटलं, भर रस्त्यात. ती म्हणाली, तिथेच बसा, कुठेही जाऊ नका, मी निघालेच.

१०.००
शाखा वेळेवर उघडली. मी बसलोय.