मॉरीन, ये ना खाली

ओबन, स्कॉटलंड, ४ मार्च

प्रिय ग्लेनिस मावशी,

मावशी म्हणायला तूच शिकवलंस, तीन आठवडे बार्न्सलीत आमच्या घरी कॅमेरे लावून बसली होतीस तेव्हा. जीभ अजून तशीच वळते.

बरी असशीलच. मी सध्या इथे बोटींचे तळ खरवडते. त्याआधी वेल्समध्ये मेंढ्या कातरल्या, त्याआधीचं आठवत नाही. तंबूवर रोज एक सीगल येऊन बसतो, मेला पाव पळवतो... असो.

पेपरात तुझा फोटो पाहिला. टीव्हीवाल्यांना चहा नेऊन देणारी पोरगी ते स्वतःच्या कंपनीची मालकीण! "एका कबुतरवाल्याने माझं नशीब उघडलं," म्हणालीस. आता कंपनी अमेरिकनांना विकतेयस, आणि तो पहिला कार्यक्रम पुन्हा दाखवणार.

कबुतरवाल्याचं नाव नॉर्मन होल्रॉइड. माझे बाबा. नाव छापलं नव्हतं, म्हणून सांगते.

शर्यतीचं कबुतर घरी पोचून भागत नाही. ते खुराड्यात यावं लागतं, पायातली रिंग काढून वेळ नोंदणाऱ्या घड्याळात पडावी लागते, तेव्हा शर्यत संपते. बाबांची कबुतरी मॉरीन सगळ्यांच्या आधी आली आणि कौलांवरच बसली. तुमचा तो केसाळ माइक तिला बोका वाटला. बाबा अकरा मिनिटं टोपी हातात घेऊन विनवत होते, "मॉरीन, ये ना गं खाली. चुकलं माझं. घरात ये."

कार्यक्रमात त्या विनवणीवर तू पिपाणी वाजवलीस. अख्खा देश हसला. पबमध्ये बाबा शिरले की हाळी, "काय नॉर्मन, आली का मॉरीन?"

मॉरीन हे माझ्या आईचं नाव, तेच बाबांनी कबुतरीला दिलं. त्याच वर्षी घर सोडून गेलेली. हे तुला मीच सांगितलं होतं, तुझे हेडफोन घालायला मिळावेत म्हणून. "शहाणी गं माझी," म्हणालीस.

बाबांनी कबुतरं वाटून टाकली. गेल्या जूनमध्ये ते गेले.

आता मुद्द्याचं. तुझ्या संमतीपत्रावर बाबांनी सही केली नव्हती. "हे दाखवायचं नाही, बाई," एवढंच बोलले. मग तू तो कागद माझ्या हातात दिलास. "आण बाबांकडून, हेडफोन तुझेच." दहा वर्षांची होते मी. न्हाणीघराची कडी लावून केली सही. तू बघून हसलीस, "बाबांचं अक्षर गोड आहे हो!" आणि कागद पिशवीत टाकलास.

बाबांना शेवटपर्यंत वाटलं, खोटी सही तू ठोकलीस. मी वाटू दिलं.

विकत घेणारे कागद न् कागद तपासतात म्हणे. त्यांच्या वकिलाला आज हे सगळं लिहून पाठवलंय. माझंही नाव खराब होईल, होऊ दे. तो तुला बोलावेल. तेव्हा नीट विनवणी कर, मावशी, अकरा मिनिटं तरी. पिपाणी मी इथून वाजवते.

तुझी शहाणी,

नॉर्मन होल्रॉइड

(हीच ती सही. ताडून बघ. हात माझा, ब्रायनीचा.)