बारा पाकिटे

सोमवार, ३ तारीख
ह्यांच्या ऑफिसातून मिळालेली डायरी दोन वर्षं कोरीच पडली होती. छापलेले वार जुळत नाहीत, पण ते खोडून लिहिता येतात. कोरा कागद वाया घालवणं माझ्याच्याने होत नाही.

देवाच्या कृपेने नोकरी लागली, तीही बावन्नाव्या वर्षी! मी आपली मॅट्रिक, आणि शिकवणार कॉलेजात. शिवणकामाचा एक वर्षाचा वर्ग आहे. त्याला पदवी लागत नाही, हात लागतो. सूनबाई म्हणाली, आई, आता घरातसुद्धा मॅडम म्हणायचं का? ह्यांनी तर इस्त्रीवाल्यापासून वाण्यापर्यंत सगळ्यांना सांगून टाकलं.

वर्ग सतरा तारखेला सुरू. खोली बघून आले. सहा मशीन, एक लांब टेबल, एक लोखंडी कपाट. एका मशीनचा पट्टा सैल होता, तो तिथल्या तिथे बसवून टाकला.

बुधवार, ५
प्राचार्यबाईंनी बोलावलं होतं. स्वतः तयार केलेले बारा कागदी पॅटर्न, मापांसकट, पहिल्या दिवसाच्या आधी दाखवायचे. येतात ना करायला, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले.

येत नाहीत. तीस वर्षं मी नजरेने बेतते. माणूस समोर उभं राहिलं की कात्री आपली चालू लागते. छातीचा सहावा भाग अधिक अमुक, हे गणित मला कोणी शिकवलंच नाही. नाही म्हणायला किती वेळ लागला असता? पण वाण्यापर्यंत बातमी गेली होती.

गुरुवार, ६
कपाटाची किल्ली कुलपालाच होती. आत माझ्या आधी हा वर्ग घेणाऱ्या बाईंची बारा पाकिटे. त्यांत तपकिरी कागदाचे पॅटर्न, रेघ न् रेघ सुबक. प्रत्येक पाकिटाच्या कोपऱ्यात बाईंचं नाव, पेन्सिलीने, अगदी फिकट.

घरी आणली. देवाकडे पाठ करून बसले आणि खोडरबर चालवलं. बारा वेळा माझं नाव घातलं, शाईने. ह्यांनी पाकिटे हातात घेऊन म्हटलं, बघा, माझ्या बायकोचं काम!

शनिवार, ८
सरावासाठी जुन्या चादरीतून पहिल्या पाकिटातला ब्लाउज शिवला. मला अंगावर बेतल्यासारखा बसला. फक्त डावा खांदा अर्धा इंच खाली. कॉलेजच्या शिपाईमामांनी सांगितलं की आधीच्या बाईंचा खांदा असाच होता. पुढे पुढे तर पार तिरक्या चालायच्या. पोरी त्यांना मागून तराजू म्हणत. मामा हसले, मीही हसले.

रविवार, ९
सूनबाईने विचारलं, आई, एका बाजूला का झुकताय? टेप लावला. डावा खांदा अर्धा इंच खाली.

मंगळवार, ११
दुसऱ्या पाकिटात खांदा एक इंच खाली आहे. आज माझाही.

तिसऱ्यात डावी बाही दोन बोटं लांब. ते मी शिवलेलं नाही, नुसतं उघडून पाहिलं.

बुधवार, १२
सकाळी टेप लावला. डावा हात दोन बोटं लांब.

दार लावून बाराही पॅटर्न जमिनीवर मांडले. बाई एकच आहे. पाकिटागणिक ती कलत जाते. सातव्यात पाठीला पोक येतं. दहाव्यात दोन्ही बाह्या एकाच बाजूला. बाराव्याला गळाच नाही. कापायचा राहिला म्हणावं, तर मापात स्वच्छ लिहिलंय. गळा: शून्य.

गुरुवार, १३
पत्ता काढून आधीच्या बाईंकडे गेले. दार त्यांनीच उघडलं. काठीसारख्या ताठ! माझ्या खांद्याकडे बघून हसल्या, आणि मग रडायला लागल्या.

त्या आठव्या पाकिटापर्यंत पोचल्या होत्या. त्यांनीही ती आपल्या आधीच्या बाईंची उचललेली. पेन्सिल मुद्दाम, खोडायला सोपं जावं म्हणून. किल्लीही मुद्दाम. मी म्हटलं, पाया पडते, परत घ्या. त्यांनी हात पाठीमागे नेले. देऊन जात नाही म्हणाल्या, कोणीतरी चोरावं लागतं.

आणि प्राचार्यबाईंना खरं सांगून टाकलं तर, मी विचारलं. त्या म्हणाल्या, कोण जाणे. मला धीर झाला नाही, माझ्या आधीच्या बाईंनाही नाही.

शनिवार, १५
पाकिटे घेऊन गेले, सांगायचंच म्हणून. आत पाहुणे. प्राचार्यबाईंनी माझ्या हातातून पाकिटे घेतली, एकेक उघडून सगळ्यांना दाखवली. बघा, फक्त मॅट्रिक, पण हात बघा म्हणाल्या. पाहुणे वा वा करत होते, बाराव्याला गळा नाही हेही कोणाला दिसलं नाही. माझं तोंड उघडलं, आणि त्यातून निघालं, सगळी देवाची कृपा.

देवाचं नाव घेतलं मी. त्या कामासाठी.

रविवार, १६
सकाळी पाचव्या पाकिटाइतकी कललेय. संध्याकाळी सहाव्याइतकी. अंगावरून शाल काढत नाही. हे डॉक्टरकडे चल म्हणतात. डॉक्टरला काय सांगू— ह्यांना काय सांगू—

उद्या वर्ग. सुरू व्हायच्या आधी सांगेन. शपथ.

सोमवार, १७
सांगितलं नाही.

अठरा मुली. एक पुढेच बसली होती, बाहीला नीट रफू केलेली. तास संपल्यावर हळूच जवळ आली. मॅडम, मला बेतायला येतं असं फॉर्मवर लिहिलंय, पण येत नाही हो, कोणाला सांगू नका. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. उजवा.

पाकिटे टेबलावर ठेवली. माझ्या नावाच्या शाईवर कोऱ्या पट्ट्या चिकटवून, वर नाव पेन्सिलीने लिहून आणल्या होत्या— देवा, घरूनच आणल्या होत्या—

मधली सुट्टी. मी बाहेर बाकावर. दार अर्धं उघडं. आत ती एकटीच—

पाकीट उचललं तिने. दाराकडे बघते. मी मान खाली घालून लिहिते आहे—

एक हाक पुरे. माझा गळा अजून शाबूत आहे, हाक मारता येते, ती थांबेल, लेकरू आहे, लगेच थांबेल—

दप्तराची चेन—

खांदा. माझा खांदा वर— किती हलकं वाटतंय, देवा, किती हल—