फाटकाची किल्ली

तीर्थरूप आईस,
तुझ्या मास्तरीण लेकीचा नमस्कार.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. तुझे गुडघे काय म्हणतात?

शाळेत मागे एक अनोळखी माणूस शिरला होता, ते तुला कळवलंच होतं. तेव्हापासून गावाने हौसेने पहारा धरलाय. रोज एक पालक येतो आणि शाळा भरली की फाटकाला बाहेरून कुलूप लावून बसतो.

सोमवारी सुताराची पाळी होती. त्याला घरून बोलावणं आलं, तसा तो किल्ली खिशात घालून गेला. नेमका तेव्हाच शाळेच्या स्वयंपाकघरात भडका उडाला. मुलं फाटकाला धरून रडत होती, बाहेर अख्खं गाव जमलं होतं, आणि कोणालाच आत येता येईना. शेवटी लोहाराने कुलूप फोडलं. मुलं सुखरूप आहेत, काळजी करू नकोस. फळ्यावर माझं अक्षर मात्र अजून सरळ येत नाही.

काल सुतार येऊन म्हणाला, "बाई, माझीही पोर आतच होती हो."

आई, तू एकटी असतेस म्हणून दाराची किल्ली कोणाला देऊ नकोस, असं मीच तुला बजावलं होतं. ते विसर. एक किल्ली शेजारच्या काकूंकडे ठेव. पत्राची घडी नंतर घाल, आधी किल्ली देऊन ये.

तुझी,
धाकटी