दोन, चार, आठ

१८ जानेवारी २०२६
काल लिहिलं, सगळा वर्ग हसला. चूक. वर्गात सगळ्यांत लहान असलेली पौर्णिमा हसली नाही. बाकीचे एकोणतीस हसले, आणि सर. सूड घ्यायचा तर माझ्याकडून एक अक्षरही खोटं नको.

फळ्यावर होतं २, ४, ८ — पुढे काय? आमच्या देवळीच्या क्लासमध्ये उत्तर एका सुरात ओरडायचं. सगळे ओरडले, सोळा! मी म्हणाले, चौदाही येतं — आधी दोन वाढले, मग चार, आता सहा. विवेक सर म्हणाले, ‘घरात कोनाले आकडे वाचता येत नाई, अन् हे मले शिकवून राह्यली!’

संध्याकाळी मला न्यायला आलेल्या बाबांना सर म्हणाले, ‘बापूराव, पोरीचं डोकं नाई चालत. शिवणकामाले लावा.’ बाबांनी हात जोडले. हात जोडले!

२० जानेवारी
बाबा म्हणतात, ‘सर खोटं काऊन बोलतीन, बाई? पालकसभेत पुन्हा इचारतो. तेच म्हनले तं क्लास बंद.’ ज्यासाठी क्लास लावला ती भरतीची परीक्षा मार्चमध्ये!

२९ जानेवारी
आकड्यांच्या रोज चाळीस मालिका सोडवते. क्लासच्या पाटीवर आहे — मालिका सोडवा, बुद्धी दुप्पट करा! तपासलं. मालिकांत दहापैकी चार यायच्या, आता आठ. नातेसंबंधांच्या प्रश्नांत तेव्हाही पाच, आताही पाच. आई म्हणाली, ‘बुद्धी वाढली म्हन्ते, अन् दुधावर झाकन ठेवाले भुलते!’

खरंच, बुद्धी तेवढीच आहे. मालिकांत हात बसला, एवढंच. आणि पहिलं उत्तर सुचलं की आता थांबते, दुसरं शोधते.

तेच वापरणार. पालकसभेत सर मिरवतात, ‘कोनतीबी मालिका टाका!’ मी टाकेन — १, २, ४. आठ म्हणाले तर सात मागेन, सात म्हणाले तर आठ. सगळ्यांसमोर घाम फुटलेला पाहायचाय.

१ फेब्रुवारी
त्यांना चौदा खरंच सुचलं नसेल तर? नकळत चुकलेल्या माणसाला चारचौघांत पाडायचं? नको.

३ फेब्रुवारी
क्लासमध्ये आज छापील पानं वाटली. पौर्णिमा कुजबुजली, ‘ताई, हे पाय!’ मथळा — दोन उत्तरांच्या मालिका, विवेक सरांची खास पद्धत. पहिलंच उदाहरण २, ४, ८. ‘आधी दोन वाढले, मग चार, आता सहा.’ माझेच शब्द! खाली तारीख १७ जानेवारी. सर बाबांना ‘पोरीचं डोकं नाई चालत’ म्हणाले तोच दिवस.

आता मालिका नको. बाबांना वाचता येत नाही, म्हणून हे पान सरांनीच त्यांना मोठ्याने वाचून दाखवायचं — तारखेसकट. पालकसभा, रविवार, ८ फेब्रुवारी, सकाळी दहा.