सहा आठवडे

प्रिय धाकट्या,

तुझे चार मेसेज आले. मी मुद्दामच उत्तर दिलं नाही. अंगठ्याने दोन ओळी टाइप करून भागेल एवढा माझा राग लहान नाही, म्हणून कागद घेतला आहे, आजच माणसाहाती पाठवते. नीट बसून वाच.

त्या रविवारी आईकडे आपण मटार सोलत होतो. ताई, एवढी ओढलेली का दिसतेस, असं तू विचारलंस आणि मी भडाभडा सांगून टाकलं. आमच्या कंपनीच्या नव्या फोनची बॅटरी उन्हात चार्जिंगला लावली की फुगते. चाचणीत चाळीसातले तीन फुगले, एकाची तर काच उचकटून वर आली. साहेबांशी आठवडाभर भांडून मी फोन बाजारात आणायची तारीख सहा आठवडे पुढे ढकलायला लावली होती. सोळा वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा माझं कुणी ऐकलं होतं. तू मान खाली घालून विचारलंस, "म्हणजे नक्की सहाच ना?" मला वाटलं, भावाला माझी काळजी आहे. माझ्या अकलेचे दिवे, दुसरं काय.

नवव्या दिवशी तुझ्या कंपनीचा फोन दुकानात आला, तुमच्या ठरल्या तारखेच्या महिनाभर आधी. चौकाचौकात फलक लागले, 'सहा आठवडे थांबायचं कशाला?' हा आकडा आमच्या मजल्यावर सात जणांना माहीत होता. आठवा तू.

आमच्या वरच्यांचं धाबं दणाणलं. दुकानदार रोज विचारायचे, तुमचा येतोय की त्यांचाच माल भरू? विक्रीप्रमुखाने भिंतीवर तक्ता डकवला, त्यात तुमची रेघ चढत होती आणि आमची घसरत होती. सहाचे दोन आठवडे झाले. बॅटरी तीच ठेवली, चार्जिंगचा वेग जरासा कमी केला आणि चाचणी उरकली. तुमचा बाजारातला हिस्सा बारा टक्क्यांवरून सतरावर गेला. तुला बढती मिळाली, तू आईला नवा फोन घेऊन दिलास आणि मला लिहिलंस, 'ताई, मनाला लावून घेऊ नकोस, धंदा आहे.' मी तेही गिळलं. तुझं सगळं पोटात घालायची मला लहानपणापासून सवयच आहे.

गेल्या महिन्यात एका शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या हातात आमचा फोन पेटला. उजवा अंगठा आणि शेजारची दोन बोटं भाजली. कंपनीचं ओळखपत्र पर्समध्ये दडवून मी दवाखान्यात गेले. त्यांना वाटलं, मी डॉक्टरांकडूनच आले आहे. "सुई धरता येईल का, तेवढं सांगा," म्हणाल्या. पाणी आणते असं सांगून मी बाहेर पडले, ती परत गेलेच नाही. रस्त्यावर समोरच तुमची नवी जाहिरात होती. हसऱ्या मुलीचा उघडा तळवा, त्यावर फोन, खाली ओळ: 'हातात घ्या, बिनधास्त.' कुणाचं घर जळत असताना आपली पोळी भाजून घेणारे ऐकले होते. तू तर जळत्या हातावर भाजलीस. आणि ती ओळ तूच सुचवलीस, हे आईने मला कौतुकाने सांगितलं.

आता जे तुला अजून माहीत नाही ते. चाचणीत फोन पास झाल्याच्या कागदावर सही माझी आहे. कुणी माझा हात धरला नव्हता. नोकरी जाईल म्हणून घाबरले आणि केली. परवा या अपघाताच्या चौकशी समितीपुढे मी हे सांगणार आहे. सहा आठवड्यांची बातमी बाहेर कुणी नेली, हेही ते विचारतील. मी तुझं नाव सांगणार. ते तुला परक्या तोंडून कळू नये, म्हणून हे पत्र. आईला काय सांगायचं ते तुझं तू ठरव, या वेळी मी मध्ये पडणार नाही. त्या बाईंचा पत्ता मागे लिहिला आहे. मी उद्या सकाळी तिथे जाणार आहे, या वेळी ओळखपत्र गळ्यात घालून. तुला यायचं असेल तर दहाला ये.

इतकं होऊनही तुझीच,
ताई