पाठीवरचा तिकोनी चट्टा

३ मार्च
झालं! सासऱ्यांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख पुन्हा रद्द. गुडघ्याच्या कातडीवरचा लाल चट्टा जाईपर्यंत हात लावणार नाही, असं हाडांच्या डॉक्टरांनी बजावलं. मी त्वचेची डॉक्टर, आणि घरातलाच चट्टा हटत नाही. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

आमचे विभागप्रमुख म्हणतात, "बुरशीच आहे. रबराच्या ॲलर्जीची चाचणी झाली ना? निगेटिव्ह." पण ती साध्या रबराची. सासरे गुडघ्याला बांधतात तो पट्टा कृत्रिम रबराचा — त्यातली रसायनं वेगळी. हे सांगितलं तर नुसते हसले. अस्सा राग आला.

४ मार्च
पट्ट्याचाच तुकडा सासऱ्यांच्या पाठीवर चिकटवून बघायचं ठरवलं; ॲलर्जी असेल तर तिथेही चट्टा उठेल. सासरे ऐकेनात. "पट्ट्याला कशाला बोल लावतेस? उष्णता आहे ती." शेवटी सासूबाईंनी कात्री आणून दिली. "काप गं तू. यांचं रडगाणं संपायचं नाही." त्या ओढाताणीत तुकडा तिकोनी कापला गेला. शेजारी इतर रसायनांच्या गोल चकत्या लावल्या.

६ मार्च
चकत्या आणि तुकडा काढला. कुठेकुठे पुसट लाली. प्रत्येक जागेपाशी शाईने आकडा घातला, म्हणजे परवा कळेल कुठे काय होतं. पाठीला पाणी लावू नका, असं दोघांनाही बजावलं.

७ मार्च
सासूबाईंनी पाठ घासून दिली. साबण लावून! "शाईचे डाग पडले होते गं पाठभर." सगळे आकडे धुऊन गेले. मी रागाने जेवलेच नाही.

८ मार्च
जिंकले! पाठीवर एकच चट्टा. लालभडक, बारीक फोडांचा — आणि चक्क तिकोनी! गोल जागा साफ कोऱ्या. आकडे गेले उडत.

विभागप्रमुखांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "तिकोनी बुरशी काही मी पाहिलेली नाही," म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढं निघणं म्हणजे खूपच झालं. दिवसभर माझे पाय जमिनीवर नव्हते.

२२ मार्च
पट्टा बंद, मलम सुरू. गुडघा स्वच्छ! सोमवारची तारीख मिळाली. "आमच्या सुनेनं पकडलं," हे सासूबाईंनी शेजारीपाजारी सगळ्यांना सांगून टाकलं. मीही ऐकत उभी राहिले, खोटं कशाला बोलू.

२३ मार्च
सासरे आज शेजारी येऊन बसले. मग म्हणाले, "पट्ट्यानंच होतंय, हे मला ठाऊक होतं. तारीख जवळ आली की मीच तो करकचून बांधायचो. भूल दिली आणि जागच आली नाही तर, गं?"