हायमास्टचा चंद्र

अहिल्यानगर,
९ ऑक्टोबर २०२५

चि. आप्पासाहेब यास,
अनेक आशीर्वाद. विशेष.

तुझे फोन येत आहेत. मी ते मुद्दाम घेत नाही. फोनवर तू हं हं करतोस आणि ठेवल्यावर मंदाला सांगतोस की ताईचे काय, मुलींच्या होस्टेलवर ओरडण्यात जन्म गेला, सवय जात नाही. म्हणून कागदावर लिहिते आहे. तूही कागदावरच उत्तर दे. लिहिलेले नंतर नाकारता येत नाही.

कोजागरीचा व्हिडिओ मी पाहिला. त्या संध्याकाळी चंद्र नेहमीपेक्षा मोठा आणि लख्ख होता. इथे आमच्या गल्लीतलेसुद्धा मोबाईल घेऊन गच्चीवर चढले होते. मला वाटले, तुम्ही त्याचाच व्हिडिओ पाठवला असेल. उघडून बघते तर आई अंगणात तुळशीपाशी ताम्हण घेऊन उभी, आणि ओवाळते आहे कोणाला? चौकातल्या हायमास्टच्या दिव्याला! खरा चंद्र बिचारा तिच्या डावीकडे, उसाच्या वर, परातीएवढा. आणि मागे तुम्ही सगळे हसता आहात. चि. ज्ञानेश्वरी शूटिंग करता करता म्हणते की आजीचा चंद्र खांबावर उगवला. तिच्या बापाचे, म्हणजे तुझे, हसणेही मी ओळखले. ते लहानपणापासून घोड्यासारखे आहे, लपत नाही. मग तो व्हिडिओ सगळ्या पाहुण्यांच्या ग्रुपवर. मंदाच्या माहेरचेही हसून घेतात. त्याच वेळी मी त्या ग्रुपमधून बाहेर पडले.

आईच्या पदराला निरांजन लागता लागता राहिले, हे कोणी पाहिले? पायरी उतरताना ती आधी पायाने चाचपते, हे कोणी पाहिले? दोन वर्षांपूर्वी मी मोतीबिंदूचे बोलले, तर तू म्हणालास अजून पिकला नाही. तो काय आंबा आहे, अढीत घालून ठेवायला? आता पिकायची वाट कोणी बघत नाही.

ग्रामपंचायतीचा सदस्य झाल्यावर तू पहिले काम केलेस ते हायमास्टचे. नारळ फोडलास, पेपरात फोटो आला. चौकात उजेड झाला, आनंद आहे. आता घरात बघ. आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे कधी नेतोस ते दिवाळीच्या आत कळव.

आशीर्वाद आहेतच. लोभाचे तुझे उत्तर आल्यावर बघू.

तुझी,
सत्यशीलाताई


कोपरगाव,
१३ ऑक्टोबर २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोस्टमननं भर चौकात दिलं. सगळे विचारायला लागले की आप्पासाहेब, कोर्टाचं आहे का. मी म्हटलं, त्याच्याही वरच्या कोर्टाचं आहे.

ताई, पोरांनी गंमत केली. मीही हसलो, खोटं कशाला सांगू. पण तू लिहितेस तसं आईकडे दुर्लक्ष नाही. सप्टेंबरात पाऊस झाला तो तुला ठाऊक आहे. सोयाबीन जागेवर सडलं, आता ऊसतोडीच्या टोळ्या यायच्या आहेत. तरी उन्हाळ्यात मी आईला डॉक्टरकडं न्यायला गाडीत बसवलं होतं. फाट्यापर्यंत गेलो आणि ती उतरून मागं चालायला लागली. म्हणाली, मला सगळं दिसतंय, तुझाच नंबर तपासून घे. घरात कुणाला चुलीला हात लावू देत नाही. भाकरी अशी गोल थापते की मंदालाही तशी जमत नाही. मग दिसत नाही असं कसं म्हणू?

आणखी एक लिहितो, राग मानू नकोस. तू नगरला बसून पत्र लिहितेस. आईजवळ रोज मी असतो.

भाऊबीजेला ये. मोरपंखी साडी घेऊन ठेवली आहे, मंदानं निवडली. लोभ आटला असेल तर तसं सांग, पण ये.

तुझा,
आप्पा


अहिल्यानगर,
१६ ऑक्टोबर २०२५

चि. आप्पासाहेब यास आशीर्वाद.

तुझे पत्र वाचून राग कमी होईल असे वाटले होते. वाढला.

तू रोज आईजवळ असतोस, हे कबूल. रोज जवळ असून तुला दिसले नाही, ते मला इथे मोबाईलच्या काचेत दिसले. यात तुझी बाजू भक्कम होते असे तुला का वाटले, कळत नाही. भाकरी हाताने थापतात, डोळ्यांनी नव्हे. ती सगळे दिसते म्हणाली आणि तू मानलेस, कारण मानणे सोयीचे होते. आमच्या होस्टेलवर मुली ताप लपवायच्या. कपाळाला हात लावल्याशिवाय मी कोणाचे ऐकत नसे.

मला साडी नको, मोरपंखी तर मुळीच नको. या वर्षी ओवाळणीत डॉक्टरची तारीख घाल. ती नसेल तर मी येणार नाही, आणि बहीण का आली नाही असे गावाने विचारले तर खरे कारण सांगायचे. नाहीतर मी स्वतः येऊन चौकात, तुझ्याच दिव्याखाली उभी राहून सांगेन.

याहून जास्त लोभ आज जमणार नाही.

सत्यशीला


कोपरगाव,
१९ ऑक्टोबर २०२५

चि. सत्यशीलाबाई हिला आईचा आशीर्वाद.

हे पत्र ज्ञानेश्वरी लिहिती हाय. मी सांगीन तसंच लिही, सुधरायचं न्हाई, म्हनून तिला बजावलंय. तुमची बहीण-भावाची पत्रं आप्पानं कपाटात दडवली हुती. तिनं काढून मला वाचून दावली. तुमी दोघं माझ्यावरनं भांडताय आन् मला इचारीत कुनीच न्हाई. मी मेले का?

आता ऐक. मला दिसत न्हाई, हे खरं हाय. मान्सं सावलीवानी दिसत्यात, आवाजावरनं वळखती. पर मी खांबाला चंद्र समजले, हे साफ खोटं. मी काय येडी हाय? लगीन होऊन आले तवापासून तुळशीपाशी त्याच दगडावर हुबी राहून ओवाळती. चंद्र कुठनं निघतो ते मला बघावं लागत न्हाई. त्या दिशी बी पयलं चंद्रालाच ओवाळलं. तवा ही पोरगी आत मोबाईल हुडकीत हुती.

मग मी उजव्या अंगाला वळले. त्या अंगाला नगर हाय. कोजागरीला थोरल्या लेकराला ओवाळायचं असतं, आन् माझं थोरलं लेकरू नगरला हाय. तू सासरी गेली तवापासून दरसाली त्या अंगाला ताम्हण फिरवती. आता मधी आप्पानं खांब रवला, त्याला मी काय करू? खांब हलवायचा का लेक हलवायची?

(आत्या, मी मोबाईल शोधत होते हे खरं आहे. आजीनं आधी चंद्राला ओवाळलं होतं हे मला माहीत नव्हतं. व्हिडिओ काढून टाकला. माझं चुकलं. – ज्ञानेश्वरी)

दिसत न्हाई म्हनून का सांगितलं न्हाई, तर दिसत न्हाई म्हनलं की चूल काढून घेत्यात. शेजारच्या लंकाबाईची काढून घेतली. खाटंवर बसवली आन् येनारा जानारा इचारतो, जेवली का. मला जेवली का असं कुनी इचारलेलं चालायचं न्हाई. मी दुसऱ्याला इचारती.

डोळं करून घेईन. पर चूल माझीच ऱ्हाईल, असं आप्पाकडनं लिहून घे. तुला लिहून घ्यायची लई हौस हाय.

आन् भावाला इतकं टाकून बोलायचं न्हाई. हसला त्याबद्दल मी त्याला पोरांसमोर सुनावलंय. एकदा बास हाय. भाऊबीजेला गुमान यायचं.

माया हाय तेवढी हाय, पत्रात लिहून वाढत न्हाई.

आई


अहिल्यानगर,
६ नोव्हेंबर २०२५

चि. आप्पासाहेब यास,
अनेक आशीर्वाद. विशेष.

आईच्या उजव्या डोळ्याचे ऑपरेशन इथे नगरला ठीक झाले हे तुला फोनवर सांगितलेच. डॉक्टरांनी काल तपासले, चांगले आहे म्हणाले. दुसरा डोळा पुढच्या महिन्यात. भाऊबीजेच्या ताटात तू तारीख घातलीस, चुलीचा कागदही सही करून दिलास. तो कागद आईने बटव्यात ठेवला आहे आणि येणाऱ्या प्रत्येकाला वाचायला लावते. परवा दूधवाल्याने वाचला.

काल त्रिपुरी पौर्णिमा. या वर्षातला सगळ्यात मोठा चंद्र म्हणे. आईने दुपारपासून धोशा लावला की गच्चीवर ने. जिन्यात मी हात धरायला गेले तर झिडकारला. काळा चष्मा काढायचा नाही म्हणून बजावले होते; चंद्र वर येताच तिने तो काढला. मी ओरडले, तिने ऐकले नाही. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली की त्यात एवढे काय, आमच्या वेळेला याहून मोठा निघायचा.

नंतर माझ्याकडे वळून तसेच बघत राहिली, आणि विचारले की केस एवढे कधी पिकले, मला का सांगितले नाही. मला राग आला. मी म्हटले, तू तरी कुठे सांगितलेस? इतकी वर्षे दर कोजागरीला तू नगरकडे तोंड करून ओवाळत होतीस आणि मी इथे होस्टेलच्या पोरींना दूध वाटून दारे लावून झोपत होते. एका शब्दाने कळवायचे होते. तर म्हणते, त्यात कळवायचे काय, आईने लेकराला ओवाळले ही काय बातमी आहे?

तुलाही हे माहीत असणार आप्पा. लहानपणापासून त्याच अंगणात आहेस. माहीत नसेल तर ते आणखी वाईट. याचा राग मात्र इतक्यात जायचा नाही.

मग तिला ओवाळायचे होते. कोजागरी नाही, त्रिपुरी आहे, म्हटले, ऐकेना. माझ्याकडे ताम्हण नाही, स्टीलचे ताट दिले. पहिले चंद्राला ओवाळले. मी तिच्या डाव्या हाताला उभी होते. ती सवयीने उजवीकडे वळली. तिकडे कोणी नव्हते, नुसती पाण्याची टाकी. मी मागून वळसा घालून गेले आणि तिथे उभी राहिले.

रविवारी तिला घेऊन येते. चूल सारवून ठेवा. ज्ञानेश्वरीला सांग की आत्या रागावलेली नाही. खरे म्हणजे आहे, पण येताना तिच्यासाठी चिवडा आणते आहे. मोरपंखी साडी मंदाने परत दिली नसेल तर राहू दे.

पुढच्या कोजागरीला मी तिकडे येणार. तुझा खांब आहे तिथेच असू दे. त्याच्या पुढे मी उभी राहीन.

लोभ होताच. राग अजून आहे.

तुझी,
सत्यशीलाताई